वक्त्यास दोष कसा सांगावा

वक्तृत्वसभेंत कोणी भाषण करून खालीं बसला म्हणजे त्याच्या वांट्यास बहुधा दोनच गोष्टी येतात, टाळ्या किंवा हशा. टाळ्यांनीं उमेद येते हें खरें. परंतु आपलें काय साधलें व काय चुकलें, हें दोहोंपैकीं कशानेंही कळत नाहीं.

प्राचीन अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस (इ. स. पू. 384–322) तोंडांत खडे धरून बोलण्याचा अभ्यास करी, ही कथा पुष्कळांच्या ऐकिवांत आहे. त्यापूर्वींची हकीकत मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ती प्लूटार्कानें लिहून ठेविली आहे. नागरिकांच्या सभेपुढें तो प्रथम उभा राहिला तेव्हां लोकांनीं त्याची हुर्यो उडविली. आवाज क्षीण, उच्चार अस्पष्ट, वाक्यें लांबलचक, आणि दम अपुरा पडून तीं मध्येंच तुटत. खिन्न मनानें तो पिरीअस बंदरांत भटकत असतां यूनोमस नांवाचा एक अतिवृद्ध गृहस्थ त्यास भेटला. तुझी भाषा पेरिक्लिसाच्या तोडीची असून केवळ भित्रेपणामुळें व शरीर न कमावल्यामुळें तूं ती वायां घालवीत आहेस, असें म्हातारबुवांनीं त्यास बजावलें. पुढें आणखी एकदां अपयश घेऊन, मस्तक झांकून तो घरीं चालला असतां सॅटिरस नांवाचा नट त्याच्या मागोमाग गेला. मी सर्वांहून अधिक श्रम करतों, तरी लोक दारूबाज खलाशांचें ऐकतात आणि मला विचारीत नाहींत, ही त्याची तक्रार सॅटिरसानें ऐकून घेतली. मग युरिपिडीस किंवा सोफोक्लीस ह्यांच्या नाटकांतील एक उतारा त्यास म्हणावयास सांगितला, आणि तोच उतारा त्या पात्राच्या स्वभावास शोभेल अशा रीतीनें स्वतः म्हणून दाखविला. तो अगदीं निराळाच भासला! त्यानंतर डेमॉस्थेनिसानें जमिनीखालीं एक अभ्यासिका बांधून घेतली व तेथें तो रोज आवाजाची आणि हावभावांची तालीम करूं लागला.

दोष त्या जमावासही दिसलेच होते. सॅटिरसानें फरक त्याच्या कानीं घातला, एवढेंच.

आपल्या मराठींत वाक्याचें क्रियापद बहुधा शेवटीं येतें, आणि नेमका तेथेंच नवशिक्याचा आवाज खालीं जातो. ‘ही सूचना मला मान्य नाहीं’ ह्यांतला ‘नाहीं’ गिळला गेला, तर मागल्या बांकांवर उलटाच अर्थ पोंचतो. अशा वेळीं ‘मोठ्यानें बोल’ म्हणण्याचा उपयोग थोडा. मुलगा मग आरंभापासूनच ओरडूं लागतो. तें एकच वाक्य, शेवटचा शब्द स्पष्ट ऐकूं येईपर्यंत, त्याच्याकडून म्हणवून घ्यावें. एका खेपेस एक दोष पुरे. ‘पाणी’स ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलास तर चारचौघांत मुळींच टोकूं नये. तो बोल त्याच्या आईचा असतो, आणि त्यावर एकदां हशा पिकला म्हणजे तो मुलगा पुन्हां व्यासपीठाकडे फिरकत नाहीं.

पालकांस एक विनंति. भाषण करून मुलगी घरीं आली म्हणजे ‘नंबर आला का?’ असें आधीं विचारूं नये. तिचें कोणतें वाक्य आपणांस अजून आठवतें तें सांगावें. मग कोठें ऐकूं आलें नाहीं तें. सभेस जातां आलें नसेल तर तिला स्वयंपाकघराच्या दारांत उभी करून तें भाषण पुन्हां म्हणवून घ्यावें. भांड्यांच्या आवाजांतून शेवटचा शब्द पोंचतो कीं नाहीं, हें आईस तेव्हांच कळेल.