शाळेत स्काउट पथक सुरू करताना

खेड्यातील शाळेत स्काउट पथक उघडण्याचे काम बहुधा एखाद्या नव्या, उत्साही शिक्षकाकडे सोपविले जाते. येत्या प्रजासत्ताकदिनी पथकाने संचलन करावे, एवढीच अपेक्षा त्या वेळी कानी पडते. मग शिक्षक मुलांची उंचीनुसार रांग लावतात, शिट्टी मिळवितात आणि गणवेशाच्या कापडाची चौकशी आरंभितात. या खटाटोपातून जे उभे राहते त्यास कवायतीची तुकडी म्हणता येईल. स्काउट पथक म्हणणे कठीण. दोहोंतील भेद प्रारंभीच ध्यानात आला तर पुढील श्रम फुकट जात नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात त्याविषयीच प्रामुख्याने लिहावयाचे योजिले आहे.

या चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले. त्यांतील काही मुले श्रीमंतांच्या निवासी शाळांतील होती, तर काही जवळच्या गावांतील कामकऱ्यांची होती. त्यांनी ही मुले एकमेकांत मिसळून चार गट केले व प्रत्येक गटावर एका मोठ्या मुलास नायक नेमून गटाची जबाबदारी त्याच्यावर टाकली. या गटांनाच आपण संघ म्हणतो, आणि स्काउट शिक्षणाचे सारे मर्म या संघपद्धतीत आहे. शिक्षकाने शिकवावे व मुलांनी ऐकावे, हे तर वर्गात दिवसभर चालतेच. त्यासाठी निराळे पथक कशाला हवे?

तेव्हा प्रारंभी सबंध शाळा गोळा करू नये. दहा वर्षांवरील सहा ते आठ मुलांचा एक संघ, फार तर दोन, एवढ्यावर पहिले सहा महिने भागवावे. त्याहून लहान मुलांसाठी कब-बुलबुलची स्वतंत्र योजना आहे. बेडन पॉवेल यांनी लिहून ठेवले आहे की, त्यांना स्वतःला एका वेळी सोळाच मुले नीट हाताळता येत; इतरांची शक्ती आपल्या दुप्पट धरून त्यांनी पथकाची मर्यादा बत्तीस ठेवली. यातील थट्टा सोडली तरी सल्ला मोलाचा आहे. एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत तर तो अक्षरशः पाळावा.

संघ पाडताना एक मोह टाळावयास पाहिजे. एका वस्तीची मुले एकत्र ठेवली की त्यांना जमणे सोपे जाते. परंतु आपल्या गावांतून वस्ती म्हणजे पुष्कळदा जातच असते, हे आपण सर्व जाणतो. आपल्याच देशात १९०९ साली ही चळवळ आली तेव्हा ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. हिंदी मुलांना दार बंद असल्यामुळे येथील लोकांना आपल्या निराळ्या संस्था काढाव्या लागल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था अस्तित्वात आली. या इतिहासाचा वारसा सांगणाऱ्या पथकात वस्तीवार संघ शोभत नाहीत. संघ मिसळूनच करावेत. शिबिरात प्रत्येक संघाने आपली चूल स्वतः मांडावी, आणि त्या संघाच्या सर्वांनी एकाच पातेल्यातील भात खावा. एखादा पालक कुरकुर करील. त्याच्या घरी जाऊन शांतपणे बोलावे, पण पातेले दुसरे करू नये.

संघनायक बहुधा वर्गातील पहिल्या क्रमांकाचा मुलगा नेमला जातो. तसे करण्याचे कारण नाही. खेळाच्या मैदानावर इतर मुले आपण होऊन ज्याचे ऐकतात, तो मुलगा हेरावा. गुरे राखणारा, वर्गात मागे बसणारा मुलगा पुष्कळदा उत्तम नायक ठरतो. त्याला आठवड्यातून एकदा, संघाच्या सभेच्या आधी, जे शिकवावयाचे ते शिकवावे. पुढे संघास शिकविणे हे त्याचे काम. तो गाठ चुकीची शिकवू लागला तरी मध्येच हातातील दोरी काढून घेऊ नये. सभा संपल्यावर त्याला एकट्याला नव्हे, तर दोन्ही नायकांना मिळून पुन्हा दाखवावे. नायकांची जी मानसभा भरते तीत शिक्षकांनी बोलावे थोडे.

शिकवावयास साहित्य लागते, ही तक्रारही बरीचशी अनाठायी आहे. कासरा व सुतळी शेतकऱ्याच्या घरी असतेच. पट्टी बांधताना रीफ नॉट का वापरावयाची, तर ती चपटी बसते व टोचत नाही. जाड दोरास बारीक दोर जोडावयाचा तर शीट बेंड. विहिरीत पडलेल्यास वर ओढताना कमरेभोवतीचा फास आवळत जाऊ नये म्हणून बोलाइन. कारण आधी सांगितले की गाठ ध्यानात राहते. गावातील एखाद्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यास बोलावून दावे बांधण्याच्या त्यांच्या रीती मुलांना दाखवाव्यात. निरीक्षणाच्या खेळासाठी ज्वारीचे कणीस, घुंगरू, पिंपळाचे पान, बिब्बा अशा चोवीस वस्तू फडक्याखाली झाकाव्यात, एक मिनिट उघड्या ठेवाव्यात आणि मग आठवून लिहावयास सांगावे.

प्रथमोपचाराबाबत मात्र जुन्या पुस्तकांवर विसंबू नये. सर्पदंश झाल्यास जागा कापणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने आवळून बांधणे हे सर्व आता त्याज्य ठरले आहे. रोग्यास धीर देऊन निजवावे, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व विनाविलंब रुग्णालयात न्यावे. भाजल्यास शाई वा दंतमंजन न लावता थंड वाहते पाणी सोडावे. गावात ही माहिती घरोघर पोचविण्याचे काम मुले उत्तम करू शकतात.

गणवेशाची घाई नको. प्रवेशाचा अभ्यासक्रम पुरा होऊन दीक्षाविधी होईपर्यंत गणवेशाची गरजच नसते. तोवर कोणत्या घरी खर्चाची अडचण आहे हेही कळून येते व ग्रामपंचायतीकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे वेळेत शब्द टाकता येतो. केवळ सदऱ्यापायी एकही मूल गळता कामा नये. वचन हे मुलाने स्वेच्छेने घ्यावयाचे असते. नियमाची नऊ कलमे घोकून घेण्यापेक्षा एकेक कलम गावातील प्रसंगाशी जोडून बोलावे. वचनातील ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे, हेही पालकांना सांगावे.

सहलीस निघण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. किमान दोन प्रौढ माणसे सोबत असावीत. मुलींचे गाईड पथक असल्यास शिक्षिकेवाचून जाऊ नये. कोणत्याही मुलासमवेत शिक्षकाने एकट्याने राहण्याचा प्रसंग आणू नये. नदी, विहीर, पाझर तलाव यांच्या काठी पोहण्याची परवानगी कोणी मागितली तरी देऊ नये.

पथकाची नोंदणी जिल्हा कार्यालयाकडे करावी व पहिल्याच वर्षी निवासी प्राथमिक प्रशिक्षण वर्गास जावे. वर्गास जाताना आपल्या संघाची हजेरीवही बरोबर न्यावी; तेथील प्रश्नोत्तरांत तिचा उपयोग होतो. परत येईपर्यंत साप्ताहिक सभा मात्र बंद ठेवू नये. मुख्याध्यापकांना केवळ उपस्थित राहण्याची विनंती करावी, आणि सभा संघनायकांना चालवू द्यावी.