कारखान्याला टाळं लागलं, पण विहिरीच्या पाण्याचं काय? दूषित भूजल साफ कसं करतात आणि खर्च कोण करतं?

देशभरात रसायनांनी दूषित झालेल्या १०३ जागांची नोंद झाली आहे. त्यातल्या फक्त ७ ठिकाणी साफसफाईचं काम सुरू झालं होतं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं अशा जागांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र नियम लागू केले, तेव्हा हे आकडे चर्चेत आले.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी हा विषय लांबचा नाही. सातारा, वाई, लोणंद, खंडाळा, कुपवाड, मिरज, पलूस असा औद्योगिक वसाहतींचा पट्टा इथे आहे. फौंड्री, इंजिनिअरिंग, प्लेटिंग, रसायनं, साखर आणि डिस्टिलरी असे उद्योग इथे अनेक वर्षांपासून आहेत. काही युनिट बंद पडतात, प्लॉट विकले जातात, शेड पाडून तिथे दुसरंच काही उभं राहतं. भोवती मात्र शेती, विहिरी आणि बोअर असतात.

याचा अर्थ तिथलं पाणी दूषितच आहे असा नाही. पण कारखाना बंद झाला म्हणजे त्याच्या जमिनीखालची घाणही संपली, हा समज चुकीचा आहे.

कारखाना बंद झाल्यावरही पाणी का बिघडत राहतं?

घाण पाण्याचे खड्डे, गळक्या टाक्या, पुरलेला गाळ, फुटलेलं ड्रेनेज. कारखाना चालू असताना यातून रसायनं जमिनीत उतरतात. कारखाना थांबला तरी ती तिथेच राहतात. दर पावसाळ्यात पाणी मुरतं आणि त्यातला थोडा भाग आणखी खाली नेतं.

इथल्या खडकामुळे प्रकरण अजून अवघड होतं. दोन्ही जिल्हे मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टवर वसलेत. वर माती आणि मुरूम, त्याखाली छिद्रं असलेला खडक, ज्याला विहीर खणणारे 'मांजऱ्या' म्हणतात, आणि त्याखाली काळा कठीण पाषाण. पाणी साठतं ते मुरुमात, छिद्रांत आणि भेगांत.

भेगा कुठून कुठे जातात हे वरून दिसत नाही. त्यामुळे कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली आणि अर्धा किलोमीटरवरची खराब, असंही होऊ शकतं. त्यात केसिंग नीट नसलेली जुनी बोअर असेल, तर वरच्या थरातली घाण तिच्यातून थेट खोल थरात उतरते. म्हणून बंद कारखान्यातली बोअर नुसती सोडून न देता शास्त्रीय पद्धतीनं बुजवावी लागते.

विहीर उपसली, टीसीएल टाकली, तर चालत नाही का?

विहिरीत जनावर पडलं किंवा पुराचं पाणी शिरलं, तर गावात विहीर उपसतात आणि टीसीएल पावडर टाकतात. तिथे ते बरोबर आहे, कारण घाण विहिरीत असते आणि झरे स्वच्छ असतात. टीसीएल जंतू मारते.

इथे उलटं असतं. झरेच दूषित पाणी घेऊन येतात. कितीही उपसा केला तरी तेच पाणी परत भरतं. क्रोमियमसारखे धातू किंवा यंत्रांचं ग्रीस काढायला वापरलेली सॉल्व्हंट यांना टीसीएल घालवू शकत नाही. पाणी उकळलं तर धातू आणि नायट्रेट तसेच राहतात, आणि पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण उलट वाढतं.

ऑनलाइन मिळणारा टीडीएस मीटरही इथे कामाचा नाही. तो पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्यात टीडीएसची अपेक्षित मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे, तर एकूण क्रोमियमची फक्त ०.०५ मिलीग्रॅम. म्हणजे १,००० लिटरच्या टाकीत ५० मिलीग्रॅम, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाइतकं. एवढ्यानं मीटरवरचा आकडा हलतही नाही.

मग भूजल साफ करतात तरी कसं?

पहिलं काम तपासाचं. कारखान्यात काय बनत होतं, कोणतं रसायन कुठे साठवलं जात होतं, सांडपाणी कुठे सोडलं जात होतं, याची कागदपत्रं आणि जुन्या कामगारांची माहिती गोळा करतात. मग ठिकठिकाणी निरीक्षण बोअर घेऊन पाणी आणि माती तपासतात. त्यातून घाण किती खोल गेली आहे आणि कुठल्या दिशेनं सरकते आहे, याचा नकाशा तयार होतो. हा नकाशा नसेल तर पुढचा सगळा खर्च अंधारात केलेला ठरतो.

दुसरं काम उगम काढण्याचं. पुरलेला गाळ आणि दूषित माती उकरून, रांजणगावसारख्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात पाठवावी लागते. उगम तसाच ठेवून पाणी साफ करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

त्यानंतर पाण्याकडे वळतात. त्याचे मुख्य मार्ग तीन आहेत.

एक, पाणी उपसून वर शुद्ध करणं. दूषित पट्ट्यात बोअर घेऊन पंपानं पाणी काढतात. क्रोमियम असेल तर रासायनिक प्रक्रियेनं ते गाळाच्या रूपात खाली बसवतात. सॉल्व्हंट असतील तर पाण्यातून हवा सोडून ती उडवतात आणि त्या हवेवरही प्रक्रिया करतात, किंवा पाणी सक्रिय कोळशातून गाळतात. या उपशाचा आणखी एक फायदा म्हणजे घाण पुढच्या गावाकडे सरकायची थांबते.

अडचण अशी की सुरुवातीला प्रदूषण झपाट्यानं कमी होतं आणि मग वर्षानुवर्षं हलत नाही. हळदीचा डाग पडलेलं कापड पहिल्यांदा धुतलं की खूप पिवळं पाणी निघतं, नंतर प्रत्येक धुण्यात थोडं थोडं. छिद्रांच्या खडकाचंही तसंच. पंप बंद केला की खडकात मुरलेलं रसायन परत पाण्यात उतरतं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅलीत जुन्या चिप कारखान्यांखालचं पाणी साफ करायला १९८० च्या दशकात सुरुवात झाली. तिथल्या काही जागांवर ते काम दशकानुदशकं चालू राहिलं आहे.

दोन, जमिनीतच प्रक्रिया करणं. पाणी ज्या दिशेनं वाहतं त्या वाटेत चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरतात. त्यातून पाणी झिरपताना काही सॉल्व्हंटचं विघटन होतं आणि विषारी क्रोमियम कमी विषारी रूपात बदलून तिथेच अडकतं. चर खणता येईल अशा मातीत हे जमतं, कठीण काळ्या पाषाणात नाही.

तीन, जिवाणूंची मदत. सांगली-साताऱ्याच्या वाचकांना ओळखीची वाटेल अशी गोष्ट इथे येते. यासाठी काही ठिकाणी मळी, म्हणजे मोलॅसिस, वापरली गेली आहे. पातळ केलेली मळी मोजून बोअरमधून सोडतात. ती खाऊन जमिनीतले जिवाणू वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि त्या परिस्थितीत क्रोमियम किंवा काही सॉल्व्हंट निरुपद्रवी रूपाकडे जाऊ लागतात.

पण हा घरगुती उपाय नाही. प्रमाण चुकलं तर खडकातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं आणि पाणी आणखी बिघडतं. डिस्टिलरीचं सांडपाणी मुरलं की विहिरीचं पाणी कसं तपकिरी होतं, हे ऊस पट्ट्याला सांगायची गरज नाही.

क्षारपड जमीन सुधारते, तसं हे होणार नाही का?

कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. जास्त पाण्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनीत सच्छिद्र पाईप पुरून, खारं पाणी बाहेर काढून ती सुधारण्याचे प्रयोग या भागात झाले आहेत. साठलेलं काढायचं, हे तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की खारं पाणी निचऱ्यात सोडतात, रसायनाचं पाणी ओढ्यात सोडता येत नाही. तसं केलं तर एका गावाचा प्रश्न फक्त खालच्या गावाकडे जातो.

उशीर झाला तर काय होतं?

राजस्थानातलं उदयपूरजवळचं बिछडी गाव याचं उत्तर देतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे रंग बनवायला लागणारं 'एच ॲसिड' तयार होत होतं. उत्पादन जेमतेम ३७५ टन, पण त्यातून सुमारे २,४०० टन विषारी गाळ निघाला. १९८९ मध्ये उत्पादन थांबलं. तोपर्यंत गाळातलं विष जमिनीत उतरून विहिरींचं पाणी गडद तपकिरी झालं होतं.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच साफसफाईचा खर्च द्यायचा. भारतात 'प्रदूषक भरेल' हे तत्त्व रुजवणारा हा महत्त्वाचा निकाल. खर्चाचा अंदाज होता ३७.३८५ कोटी रुपये. पण ती रक्कम व्याजासकट भरण्याचा आदेश न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा द्यावा लागला. म्हणजे उत्पादन दोनेक वर्षांचं आणि पैशांची लढाई दोन दशकांची.

भोपाळचं उदाहरण आणखी बोलकं आहे. युनियन कार्बाइडची दुर्घटना १९८४ ची. तिथला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला आणि जूनअखेर जाळून झाला. पण हा होता फक्त जमिनीवर साठवलेला कचरा. दूषित मातीचा अंदाज नीरी या संस्थेच्या २०१० च्या अहवालात सुमारे ११ लाख टन होता. भूजल दूषित झाल्यानं आसपासच्या वस्त्यांना बाहेरून पाणी द्यावं लागलं, त्यासाठीही न्यायालयात जावं लागलं.

नव्या नियमांत काय आहे?

जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांची माहिती द्यायची आहे. त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. त्यात घातक रसायनांचं प्रमाण जास्त निघालं तर ती जागा दूषित म्हणून जाहीर करायची, तिथे वावर रोखायचा आणि तज्ज्ञ संस्थेकडून साफसफाईचा आराखडा करून घ्यायचा. प्रदूषण कोणी केलं हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत शोधायचं. खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. तो देऊ शकत नसेल तर केंद्र आणि राज्यानं तरतूद करायची.

या नियमांत एक मोठी उणीव आहे. तपासणीला मुदत आहे, पण प्रत्यक्ष साफसफाई कधीपर्यंत पूर्ण करायची याला नाही.

विहिरीचा संशय येत असेल तर काय करावं?

पाण्याला रंग, वास किंवा फेस असेल, किंवा बंद कारखाना जवळ असेल, तर आधी ते पाणी पिणं आणि जनावरांना पाजणं थांबवा. प्रयोगशाळेत 'पाणी पिण्यायोग्य आहे का' एवढंच न विचारता, त्या कारखान्यात जे बनत होतं त्यानुसार जड धातू किंवा सॉल्व्हंटची तपासणी मागा. नेहमीच्या तपासणीत ती बहुतेक वेळा नसतात.

तारीख टाकून अहवाल जपून ठेवा. ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत तो जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या, पोच घ्या. कारखान्यात काम केलेल्या जुन्या माणसांना विचारून गाळ कुठे पुरला होता, ते लिहून ठेवा. ही माणसं आज सांगू शकतात, वीस वर्षांनी ते कोण सांगणार?

सहामाही यादीत जागेचं नाव आलं तरच पुढची मुदत सुरू होते. नाव आलं नाही, तर नियम कागदावर आणि रसायन जमिनीत राहतं.