देणाऱ्याचं पान

जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी पुठ्ठा उघडून पहिली दोन-तीन पानं बघतो. कुणाचं नाव आहे, कुठल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, मुंजीत मिळालंय की बक्षीस समारंभात. मजकूर नंतर. शाळेपासूनची ही सवय पुढे नादच होऊन बसली. रद्दीच्या दुकानात, मठांच्या आणि मंदिरांच्या कपाटांत, जिथे जाईन तिथे मी ही नावं उतरवून घेत आलो. या नादात जे पान मला सगळ्यात मोठं वाटलं, ते सोलापूरचं आहे.

युरोपात अशा खुणेला बुकप्लेट म्हणतात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, मालकाचं नाव किंवा कुलचिन्ह असलेली छापील चिठ्ठी. तिकडच्या सगळ्यात जुन्या चिठ्ठ्यांपैकी एक १४८० च्या सुमाराची, जर्मनीतली. ढाल धरून बसलेला देवदूत आणि ढालीवर बैल, लाकडी ठशाने छापून हाताने रंगवलेला. हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग याने बुक्सहाइमच्या मठाला जी पुस्तकं दिली, त्यांत ती आहे. म्हणजे या खुणेचा जन्मच मुळी दानातला. ‘हे माझं’ म्हणणारी श्रीमंती नंतर आली.

आपल्याकडे हेच काम पोथीचं शेवटचं पान करायचं. लिहिणारा आपलं नाव, गाव, शक, तिथी टाकायचा, चूकभूल पदरात घ्या म्हणायचा आणि पोथी तेलापाण्यापासून जपा अशी कळकळीने विनवणी करायचा. जैनांमध्ये त्यात आणखी एक नाव असायचं, पोथी लिहवून घेऊन दान करणाऱ्याचं. आहारदान, औषधदान, अभयदान यांच्या रांगेत त्यांनी शास्त्रदान बसवलं. पोथी दिली की पुण्य, आणि ते पुण्य कुणाचं हे शेवटच्या पानावर नोंदलेलं.

आता सोलापूरचं पान. जीवराज जैन ग्रंथमालेचा कुठलाही खंड उघडा. सुरुवातीलाच एक छोटा परिचय भेटतो, बहुतेक खंडांत छायाचित्रही. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. दिगंबर परंपरेत ब्रह्मचारी म्हणजे मुनी नव्हे आणि संसारीही नव्हे. संसारातून मन काढून धर्मकार्याला लागलेला माणूस. १९४० मध्ये जीवराजजींच्या मनात आलं की न्यायाने मिळवलेला पैसा धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावावा. पण मंदिर बांधून ते मोकळे झाले नाहीत. ते देशभर हिंडले. पैसा कशाला लावावा, हे विद्वानांना समक्ष भेटून आणि पत्रं पाठवून विचारत राहिले. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळच्या गजपंथा तीर्थावर विद्वानांना एकत्र बोलावून हाच प्रश्न पुढे ठेवला. त्यातून या ग्रंथमालेमागचा जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला आणि त्यांनी ३०,००० रुपये जाहीर केले. १९४४ मध्ये उरलेलंही दिलं, सुमारे दोन लाखांची सगळी मालमत्ता. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरणाने देह ठेवला.

एवढंच पान. खंड बदलतो, ग्रंथ बदलतो, भाषा प्राकृत, संस्कृत, हिंदी, मराठी, इंग्रजी अशी बदलत जाते, पान तेच. देण्याआधी ‘काय देऊ’ असं वर्षभर लोकांना विचारत हिंडणारा दाता मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर भेटलेला नाही. आणि विचारल्याचं फळही तसंच मिळालं. कोल्हापूरचे आ. ने. उपाध्ये आणि अमरावतीचे हिरालाल जैन हे दोन संपादक लाभले. १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग निघाला. १९४९ मध्ये आसामच्या कृष्णकांत हंडिकी यांचा ‘यशस्तिलक’वरचा इंग्रजी ग्रंथ आला. राष्ट्रकूटकाळातलं एक संस्कृत काव्य, त्यावर गुवाहाटीच्या पंडिताने लिहिलेलं पुस्तक, आणि ते प्रकाशित झालं सोलापुरातून! गिरण्यांच्या भोंग्यांचं गाव म्हणून सोलापूर ओळखणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

पण या पानाच्या मागे सोलापूरचीच एक जुनी गोष्ट आहे, आणि माझा जीव तिच्यात जास्त अडकलेला आहे.

दिगंबरांचा आद्य सिद्धांतग्रंथ ‘षट्खंडागम’ आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची ‘धवला’ ही नवव्या शतकातली टीका. ७२,००० श्लोकांइतका पसारा. कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, जुन्या कन्नड लिपीतल्या तिच्या ताडपत्रांच्या प्रती होत्या. शतकानुशतकं लोक तिथे जात, दर्शन घेत, हात जोडून परत येत. वाचणारा जवळजवळ कुणी उरला नव्हता. १८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेला गेले तेव्हा जीर्ण होत चाललेली ती पानं त्यांनी पाहिली आणि सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींना कळवलं. वालचंद हिराचंद यांचे वडील ते हेच. ‘जैन बोधक’ हे मासिक चालवणारे आणि पुढे ज्यांच्या नावाने सोलापुरात वाचनालय उभं राहिलं तेही हेच. पुढच्याच वर्षी हिराचंद श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेऊन मूडबिद्रीला पोचले. शास्त्रींनी मंगलाचरण वाचून दाखवलं.

पंचांना आणि भट्टारकांना, म्हणजे तिथल्या मठाधिपतींना, राजी करायला दहाएक वर्षं गेली. वर्गणी जमली आणि १८९६ च्या सुमारास नकलेचं काम सुरू झालं. ब्रह्मसूरी शास्त्री लवकरच वारले. मग मिरजेचे गजपती उपाध्याय एकटे बसले. वर्षानुवर्षं ताडपत्रावरचं जुनं कन्नड वाचायचं आणि कागदावर नागरीत उतरवायचं. ‘षट्खंडागमा’चा शेवटचा खंड ‘महाबंध’ धरून सगळ्या नकला पुऱ्या व्हायला १९२२ उजाडलं, म्हणजे सव्वीस वर्षं. अट मात्र एकच होती. नकला मूडबिद्रीतच राहतील, बाहेर जाणार नाहीत.

गजपतींनी ती अट मोडली. दिवसा बसदीसाठी नागरी नक्कल चाललेली असताना त्यांनी गुपचूप कन्नड लिपीत दुसरी नक्कल तयार केली, आणि त्यांना साथ होती त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांची. ही गोष्ट हिरालाल जैन यांनी ‘धवला’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यात एक ओळ येते. ती ओळ मी कितीदा वाचली असेल! शास्त्राचा अधिकार गृहस्थालाही नाही असं काही पंडित पुढेही तावातावाने सांगत राहिले, आणि इथे एक बाई घरात बसून सिद्धांतग्रंथाची नक्कल तयार करायला हातभार लावत होती.

ती नक्कल घेऊन गजपती कुठे गेले? सोलापूरला, हिराचंद शेठजींच्या दारी. मोबदला घेऊन ठेवून घ्या म्हणाले. ज्या ग्रंथासाठी शेठजींनी उमेदीची वर्षं आणि पैसा घातला होता, तोच समोर आला होता. त्यांनी नाही म्हटलं. माणिकचंदांनाही लिहिलं की तुम्हीही घेऊ नका. मूडबिद्रीच्या पंचांना आणि भट्टारकांना शब्द दिला होता.

या नकारावर मी अनेकदा विचार केला आहे. दिलेला शब्द पाळण्यासाठी आयुष्यभराचं स्वप्न दारातून परत पाठवणारा माणूस मला मोठाच वाटतो. पण गजपती आणि लक्ष्मीबाईंनी शब्द मोडला नसता तर तो ग्रंथ आणखी किती वर्षं नुसत्या दर्शनापुरता राहिला असता, हाही प्रश्न सुटत नाही. माझा कौल लक्ष्मीबाईंच्या बाजूला आहे. ज्ञान कुलूपबंद ठेवणारी अट पाळण्यापेक्षा मोडण्यात जास्त धर्म होता, असं मी मानतो.

नक्कल सहारनपूरला गेली. लाला जंबूप्रसाद यांनी ती घेतली आणि नागरीत उतरवायचं काम सुरू केलं. तिथे ती उतरवणाऱ्या सीताराम शास्त्रींनी ठरल्याप्रमाणे प्रत दिली आणि एक आपल्याजवळही ठेवली. तिच्यावरून नकलांच्या नकला होत आरा, कारंजा, अमरावती इथवर पोचल्या. या तीन ठिकाणच्या प्रती जुळवून हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड काढला. पुढच्या काळात खुद्द मूडबिद्रीच्या मंडळींनी ताडपत्रांशी पाठ ताडून द्यायला मदत केली. मूडबिद्रीच्या अटीचा प्रश्न असा मिटला.

आणि ताडपत्रांच्या शेवटी कुणाची नावं आहेत? ‘धवला’च्या प्रतीवर देमियक्का. श्रुतपंचमीच्या व्रताचं उद्यापन म्हणून तिने ती पोथी शुभचंद्रदेवांना दिली. महाबंधाच्या प्रतीवर मल्लिकब्बे. तिनेही व्रताच्या उद्यापनालाच ती लिहवून घेऊन माघनंदींना दिली. हे ग्रंथ आज आपल्याला वाचायला मिळतात ते या दोन बायकांच्या दानामुळे, आणि ‘धवला’ जगापुढे आली ती तिसऱ्या बाईच्या, लक्ष्मीबाईंच्या, हातभारामुळे. पहिल्या दोघींची नावं पोथीवर आहेत. तिसरीचं नाव कुठल्याच पोथीच्या शेवटी नाही.

१९७३ मध्ये ‘धवला’च्या पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती निघाली. प्रकाशक, जैन संस्कृती संरक्षक संघ, सोलापूर. जो ग्रंथ सोलापूरच्या दारातून परत गेला होता तो सोलापूरच्याच नावाने छापला गेला, एका ब्रह्मचाऱ्याने सर्वस्व देऊन उभ्या केलेल्या संस्थेकडून. ही आवृत्ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी बराच वेळ मजकुराकडे वळलोच नाही.

याच संघाने १९५८ मध्ये वि. प्र. जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ छापला. पोथ्यांच्या शेवटचे लेख, मूर्तींच्या पायथ्याचे लेख, पट्टावल्या म्हणजे गुरुपरंपरेच्या याद्या असं सगळं वेचून त्यांनी भट्टारकांच्या पिढ्या लावून दाखवल्या. कारंजा, लातूर इथल्या पीठांचा इतिहास त्यात असा एकेका नावावरून जुळवलेला आहे. माझ्यासारखा नाद करणाऱ्याला तो ग्रंथ म्हणजे आधार आहे. शेवटच्या पानावरची ओळ फुकट नसते, तिच्यावर इतिहास उभा राहतो, याचा तो छापील पुरावा आहे.

म्हणून वाचनालयं चालवणाऱ्यांना आणि घरात जुनी पुस्तकं असणाऱ्यांना एक विनंती. पुस्तक बाइंडिंगला देताना बाइंडर सगळ्यात आधी काढतो ती सुरुवातीची आणि शेवटची पानं, कारण तीच फाटलेली असतात. ती काढू देऊ नका. फारच गेली असतील तर त्यांवरची नावं, तारखा, शिक्के एका वहीत उतरवून ठेवा आणि ती वही पुस्तकांशेजारीच ठेवा. आणि तुमच्या घरात आजीने, पणजीने लिहिलेली एखादी पोथी असेल, शेवटी नाव नसेल, पण अक्षर कुणाचं हे सांगणारं माणूस अजून असेल, तर आजच त्याला विचारून ते नाव लिहून ठेवा.