फिगर स्केटिंगमधील गुणांकन आणि लात्व्हियाच्या डेनिस वासिल्येव्सची कारकीर्द : एक अभ्यास

बीजशब्द : फिगर स्केटिंग, गुणांकन पद्धती, लात्व्हिया, उडी, फिरकी, सादरीकरण

प्रस्तावना

आपल्याकडे 'स्केटिंग' हा शब्द उच्चारला की चाकांचे बूट डोळ्यांसमोर येतात. बर्फावर, संगीताच्या साथीने सादर होणारे फिगर स्केटिंग मराठी वाचकाला प्रामुख्याने परिचित आहे ते दर चार वर्षांनी येणाऱ्या हिवाळी ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून. जे पाहताना सर्वांत सुंदर वाटले तेच जिंकेल, असे आपण गृहीत धरतो आणि गुणफलक लागला की गोंधळून जातो. हा गोंधळ कशातून निर्माण होतो हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात लात्व्हियाचा पुरुष एकेरीतील खेळाडू डेनिस वासिल्येव्स याच्या कारकिर्दीचा विचार केला आहे. त्याच्या नावावर पदकांची मोठी रास नाही. तथापि या खेळात कशाला किती मोल दिले जाते, हे विजेत्यांच्या कारकिर्दींपेक्षा या कारकिर्दीतून अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दाउगाव्पिल्स ते शाँपेरी

वासिल्येव्सचा जन्म ९ ऑगस्ट १९९९ रोजी दाउगाव्पिल्स येथे झाला. दाउगावा नदीच्या काठावरील हे शहर राजधानी रिगाच्या खालोखाल लात्व्हियातील दुसऱ्या क्रमांकाचे आहे. संपूर्ण देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत. एवढ्याशा देशात आइस हॉकीला मोठा लोकाश्रय आहे; फिगर स्केटिंगला मात्र रशिया, जपान वा अमेरिकेसारखी प्रशिक्षकांची पिढीजात परंपरा लाभलेली नाही. बालवयात इंग्रिडा स्निएश्किएने यांच्याकडे धडे घेतल्यानंतर वासिल्येव्सला पुढील शिक्षणासाठी देशाबाहेर पडावे लागले ते यामुळेच. १९९४ चे ऑलिंपिक विजेते अलेक्सेई उर्मानोव्ह यांच्याकडे तो रशियात शिकला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये नॉर्वेतील लिलेहामर येथील युवा हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. या क्रीडामेळ्यातील फिगर स्केटिंगच्या स्पर्धा हामार या जवळच्या गावी झाल्या. बावीस वर्षांपूर्वी उर्मानोव्ह यांनी सुवर्णपदक जिंकले तेही हामारलाच. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वासिल्येव्सने गुरू बदलला आणि तो स्वित्झर्लंडमधील शाँपेरी या डोंगराळ गावी स्तेफान लाम्बिएल यांच्याकडे दाखल झाला. लाम्बिएल हे २००५ व २००६ चे जगज्जेते आणि २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते. त्यांची ख्याती मुख्यतः फिरक्यांसाठी होती. शिष्याच्या स्केटिंगवर या निवडीचा ठसा कायमचा उमटला. फिरकी, पदन्यास आणि संगीताशी एकरूपता ही वासिल्येव्सची ओळख बनली. चार फेऱ्यांची उडी मात्र त्याला दीर्घकाळ हुकमी झाली नाही.

तक्त्यातील मोल

येथे गुणांकनाकडे वळणे आवश्यक आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात परीक्षणाचा घोटाळा उघडकीस आला आणि कॅनडाच्या जोडीला दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर ६.० हे कमाल गुण असलेली जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००४ पासून नवी पद्धत रूढ झाली. या पद्धतीत प्रत्येक उडीला, फिरकीला व पदन्यासाला ठरलेले मूळ मूल्य असते आणि परीक्षक ती क्रिया किती चांगली झाली त्यानुसार त्यात भर घालतात वा घट करतात. याखेरीज स्केटिंगचे कौशल्य, रचना, सादरीकरण यांसाठी वेगळे गुण दिले जातात.

२०१८-१९ च्या हंगामापासून लागू झालेला तक्ता उदाहरणादाखल घेऊ. चार फेऱ्यांच्या साल्को उडीचे मूळ मूल्य ९.७ आहे. लघु कार्यक्रमात पुरुष खेळाडूला तीन फिरक्या घ्याव्या लागतात. त्या सर्वोच्च म्हणजे चौथ्या पातळीच्या असतील, तर पाय बदलून घेतलेल्या मिश्र फिरकीला ३.५, उडी घेऊन सुरू केलेल्या कॅमल फिरकीला ३.२ आणि पाय बदलून घेतलेल्या सिट फिरकीला ३.० असे मूल्य मिळते. बेरीज ९.७. म्हणजे वर्षानुवर्षे घासून-पुसून लखलखीत केलेल्या तीन फिरक्या मिळून, एका क्षणात घडणाऱ्या एका उडीइतक्या. परीक्षकांनी कमाल +५ दिले तर मूल्यात निम्म्याने भर पडते. परंतु ती सवलत उडीलाही आहेच.

मग प्रत्येकाने उडीच का घेऊ नये? कारण ती फसते. याच तक्त्यानुसार साल्को उडी फेऱ्या पूर्ण करूनही पडण्यात संपली, तर −५ मुळे मूल्य निम्मे होते व पडण्याबद्दल आणखी एक गुण वजा होतो. हाती उरतात ३.८५. तीन फेऱ्यांची साधी साल्को नीट उतरली तर तिचे ४.३. तेव्हा चार फेऱ्यांचा हव्यास हा हिशेबी जुगार ठरतो, आणि ज्याची उडी बेभरवशाची त्याला तो महाग पडतो. वासिल्येव्सची अनेक वर्षे याच पेचात गेली.

दुसरी बाब फारशी लक्षात येत नाही. सादरीकरणाच्या गुणांना कमाल मर्यादा आहे. पुरुषांच्या मुक्त कार्यक्रमात ते शंभरापलीकडे जाऊ शकत नाहीत. तांत्रिक गुणांवर तशी निश्चित मर्यादा नाही. उड्यांची संख्या ठरलेली असली तरी फेऱ्या वाढतील तसे गुणही वाढतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपणा प्राध्यापकांना यात नवल वाटू नये. ज्या प्रश्नाला हमखास गुण आहेत तोच विद्यार्थी आधी सोडवतो.

प्योंगचांग आणि मिलान

२०१८ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये या पद्धतीच्या दोन्ही बाजू दिसल्या. जानेवारीत मॉस्कोच्या युरोपीय स्पर्धेत चौथा आलेला वासिल्येव्स प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये एकोणिसावा आला. त्याच स्पर्धेत अमेरिकेचा नेथन चेन लघु कार्यक्रमानंतर सतराव्या स्थानी होता. मुक्त कार्यक्रमात त्याने चार फेऱ्यांच्या सहा उड्या घेतल्या, २१५.०८ गुण मिळवले आणि तो एकदम पाचव्या स्थानी पोहोचला. त्यांपैकी १२७.६४ गुण तांत्रिक होते.

महिन्याभरातच मिलानच्या जागतिक स्पर्धेत वासिल्येव्स सहावा आला. चेनने तेथेही मोठ्या उड्यांच्या बळावर विजय मिळवला. पण त्याच्या मागे मात्र धूळधाण उडाली. चीनचा जिन बोयांग पुनःपुन्हा पडून एकोणिसाव्या स्थानी घसरला. लघु कार्यक्रमानंतर तिसरा असलेला अमेरिकेचा विन्सेंट झू चौदावा झाला. हान्यू आणि फर्नांडिस हे दिग्गज त्या स्पर्धेत उतरलेच नव्हते. सहाव्या क्रमांकात या परिस्थितीचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही इतरांच्या पडझडीचा लाभ उभे राहणाऱ्यालाच मिळतो. नियमानुसार एकुलता एक खेळाडू तिसऱ्या ते दहाव्या क्रमांकात आला, तर त्याच्या देशाला पुढील जागतिक स्पर्धेत दोन जागा मिळतात. लात्व्हियालाही तो हक्क मिळाला. अर्थात हक्क मिळणे निराळे आणि किमान तांत्रिक गुणांची अट पूर्ण करणारा दुसरा खेळाडू तयार असणे निराळे.

तालिन आणि त्यानंतर

जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या एस्टोनियाची राजधानी तालिन येथे युरोपीय स्पर्धा झाली. रशियाचा मार्क कोन्द्रात्युक पहिला, इटलीचा दानिएल ग्रासल दुसरा आणि वासिल्येव्स तिसरा आला. युरोपीय फिगर स्केटिंगमध्ये लात्व्हियाच्या खेळाडूने मिळवलेले हे पहिलेच पदक. युवा ऑलिंपिकमधील रौप्यपदकाला तोवर सहा वर्षे होत आली होती. ज्या खेळात विशीतच खेळाडू प्रौढ समजला जातो, तेथे सहा वर्षांची प्रतीक्षा किती दीर्घ, हे सांगणे नलगे. पुढच्याच महिन्यात बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला. चार वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही प्रगती सहा स्थानांची होती, मात्र एकोणतीस जणांच्या त्या स्पर्धेत पहिले दहा अद्याप दूरच होते.

२०२२-२३ च्या हंगामापासून सादरीकरणाचे पाच निकष कमी करून तीन करण्यात आले : रचना, सादरीकरण व स्केटिंगचे कौशल्य. पुरुषांच्या मुक्त कार्यक्रमातील शंभराची कमाल मर्यादा जवळपास तशीच ठेवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने लेक प्लॅसिड येथे साडेचार फेऱ्यांची अॅक्सल उडी अधिकृत स्पर्धेत प्रथमच यशस्वी केली. त्या एका उडीचे मूळ मूल्य १२.५, चौथ्या पातळीच्या त्या तीन फिरक्यांची बेरीज तेव्हाही ९.७ होती.