सात वाट्या पाणी

तिबेट म्हटलें कीं आपल्या मनापुढें हिमाच्छादित पर्वत, तांबडीं वस्त्रें ल्यालेले लामा आणि कांहींसें गूढ असें वातावरण उभें राहतें. हें चित्र अगदींच खोटें नाहीं. परंतु तें दुरून पाहिलेलें आहे. एखाद्या समाजाची ओळख करून घ्यावयाची तर त्याच्या माजघरांत चार घटका बसावें लागतें. तसा योग आम्हांस नुकताच आला, त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही गेलों होतों हिमाचल प्रदेशांतील धर्मशाळेस. १९५० सालीं चिनी सैन्य तिबेटांत शिरलें; १९५९ च्या मार्च महिन्यांत ल्हासा नगरींत मोठा उठाव झाला; १७ मार्चच्या रात्रीं दलाई लामांनीं राजधानी सोडली आणि ३१ मार्च रोजीं ते भारताच्या हद्दींत आले. त्यांच्या मागोमाग हजारों माणसें हिमालय ओलांडून आलीं. १९६० पासून दलाई लामांचें वास्तव्य धर्मशाळेस आहे. गांवाच्या वरच्या अंगास, देवदारांच्या सावलींत, मॅक्लिऑडगंज नांवाची वस्ती आहे. तेथील एका कुटुंबानें लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, सणास आम्हांस बोलाविलें होतें. बरोबर आमच्या मातोश्री होत्या.

घरांत आजी, सून आणि कॉलेजांत शिकून बाहेर पडलेली नात अशीं तीन माणसें. तिबेटी लोक आजीला ‘मोला’ म्हणतात; यांतील ‘ला’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय आहे. मोला सात-आठ वर्षांच्या असतांना आईचा हात धरून बर्फाचा घाट उतरल्या, त्यानंतर त्यांनीं स्वदेश पाहिलेला नाहीं.

वर्ष सरतांना, बाराव्या महिन्याच्या एकोणतिसाव्या तिथीस, सारें घर झाडून स्वच्छ करतात आणि संध्याकाळीं ‘गुथुक’ नांवाचें कढण शिजवितात. ‘गु’ म्हणजे नऊ. त्यांत नऊ जिन्नस पडतात. एरवीं त्यांत मांस असतें. पण आम्ही शाकाहारी आहों हें कळतांच सूनबाईंनीं आमच्यासाठीं निराळें भांडें चुलीवर चढविलें, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीं. या कढणांत प्रत्येकाच्या वाट्याला कणकेचा एक मोठा गोळा येतो, आणि त्याच्या पोटांत कांहींतरी लपविलेलें असतें. लोकर निघाली तर माणूस मायाळू, कोळसा निघाला तर मनाचा काळा, मिरची निघाली तर बडबड्या! आमच्या गोळ्यांत मिरची निघाली. “यांना बरें ओळखलें!” असें मातोश्री म्हणाल्या, आणि मराठीचा गंध नसलेलीं तीं तिन्हीं माणसें त्यांच्या चेहऱ्यावरूनच अर्थ समजून खळखळून हंसलीं. मग उरलेलें कढण आणि कणकेची एक बाहुली चव्हाट्यावर नेऊन टाकली. सरत्या वर्षाची इडापिडा तिच्याबरोबर गेली. मीठमोहऱ्या उतरून टाकणाऱ्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

नववर्षाच्या सकाळीं देवघरापुढें उभें राहतांच मातोश्री थबकल्या. एका कुंडींत जवाचे हिरवे अंकुर वीतभर वाढलेले होते. “हे तर आपले घटाचे धान!” त्या उद्गारल्या. शेजारीं ‘खाप्से’ नांवाच्या तळलेल्या पदार्थांची रास होती. आपल्या शंकरपाळ्यांचीच ती थोरली भावंडें म्हणावीत. दोन खणांच्या एका रंगीत लांकडी पेटींत एकीकडे भाजलेल्या सातूचें पीठ, म्हणजे ‘त्साम्पा’, आणि दुसरीकडे सातूचे दाणे भरलेले होते. पाहुण्यानें त्यांतील चिमूट घेऊन तीन वेळां हवेंत उडवावी, थोडीशी जिभेवर ठेवावी, आणि ‘ताशी देलेक’ म्हणून शुभ चिंतावें, असा प्रघात आहे.

परंतु आमची दृष्टि खिळली ती देवापुढें ओळीनें मांडलेल्या सात लहानशा वाट्यांवर. त्यांत पाण्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें. रोज सकाळीं त्या डावीकडून उजवीकडे भरीत जावयाच्या. दोन वाट्यांमध्यें जवाच्या एका दाण्याएवढेंच अंतर ठेवावयाचें. पाणी कांठोकांठ भरावयाचें नाहीं आणि सांडावयाचेंहि नाहीं. संध्याकाळीं त्या रिकाम्या करून, पुसून पालथ्या घालावयाच्या. रिकामी वाटी उताणी ठेवावयाची नाहीं. पाणीच कां, असें विचारतां मोला म्हणाल्या, “पाणी देतांना मन मागें ओढत नाहीं. गरिबालाहि देतां येतें.”

त्यानंतर चहा आला. तिबेटी चहा म्हणजे चहाचें पाणी, लोणी आणि मीठ एकत्र घुसळून केलेलें पेय. लोक त्याला याकच्या लोण्याचा चहा म्हणतात; पण याक हा नर, दूध देणाऱ्या मादीचें नांव ‘द्री’! धर्मशाळेस बहुधा साध्या दुकानांतील लोण्यावरच भागवितात. पहिला घोट आम्हांस जड गेला. परंतु ‘पानांत टाकूं नये’ हा संस्कार लहानपणापासून अंगीं मुरलेला, म्हणून आम्हीं डोळे मिटून पेला रिता केला. तो तत्काळ पुन्हा भरला गेला. तोहि संपविला, तिसरा आला! अखेर नातीनें हळूच सांगितलें कीं, पाहुण्याचा पेला रिता दिसूं देणें हा यजमानाचा कमीपणा. पुरे झालें असेल तर पेला भरलेला तसाच ठेवावा. एका घरचा शिष्टाचार दुसऱ्या घरीं कसा फजितीस कारण होतो, तें आम्हांस तीन पेल्यांत कळलें.

दुपारीं आम्ही मुख्य मंदिरांत गेलों. देवालय उजव्या हातास ठेवून प्रदक्षिणा घालण्याची रीत आपल्यासारखीच आहे. हातांत एकशें आठ मण्यांची माळ घेतलेले वृद्ध स्त्रीपुरुष टेंकडीभोंवतींच्या वाटेनें मंत्र जपत चालले होते. येथील अवलोकितेश्वराच्या मूर्तींत ल्हासाच्या जोखांग मंदिरांतील जुन्या मूर्तीचीं भग्न मुखें सामावलेलीं आहेत. १९६६ सालीं सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतींत ती मूर्ति फोडली गेली, आणि भक्तांनीं तिचे अवशेष लपवून भारतांत पोंचविले.

मंदिराच्या अंगणांत भिक्षूंचा वादविवाद चालला होता. उत्तर देणारा खालीं बसतो. प्रश्न करणारा उभा राहून, पाय आपटून, टाळी वाजवून त्याला पेंचांत धरतो. प्रथमदर्शनीं हें भांडणच वाटतें. परंतु उत्तर देणाऱ्यास वाटेल तें बोलतां येत नाहीं. ‘मान्य’, ‘हेतु असिद्ध’, ‘व्याप्ति नाहीं’ अशीं मोजकींच उत्तरें त्याला मोकळीं असतात. हेतु आणि व्याप्ति! ज्या शब्दांवर आपल्याकडील पाठशाळांत नैयायिकांनीं आयुष्यें वेंचलीं, तेच हे शब्द, तिबेटी वेष घेऊन, देवदारांखालीं टाळ्यांच्या कडकडाटांत घुमत होते.

यांत नवल नाहीं. आठव्या शतकांत आचार्य शांतरक्षित तिबेटांत गेले, आणि त्यानंतर शतकानुशतकें संस्कृत ग्रंथांचीं भाषांतरें तेथें होत राहिलीं. भारतीय आचार्यांच्या ग्रंथांचा ‘तेंग्युर’ हा तिबेटी संग्रह दोनशेंहून अधिक खंडांचा आहे. पुढें नालंदा उद्ध्वस्त झाली आणि कित्येक मूळ ग्रंथ आपल्या देशांतून नाहींसे झाले. १९२९ पासून राहुल सांकृत्यायन चार वेळां तिबेटांत गेले व त्यांनीं मठांतून संस्कृत हस्तलिखितें शोधून काढलीं. त्यांनीं आणलेल्या छायाचित्रांवरूनच पुण्याच्या प्रा. वा. वि. गोखले यांनीं वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या मूळ कारिका १९४६ सालीं प्रसिद्ध केल्या. आपली ठेव शेजाऱ्यानें हजार वर्षें सांभाळली, आणि आज तोच शेजारी आपल्या दारीं आलेला आहे!

मात्र सांभाळणें म्हणजे कुलुपांत ठेवणें असें हे लोक मानीत नाहींत. मठांतील ‘गेशे’ ही उच्च पदवी पूर्वीं केवळ पुरुषांस मिळे. २०१६ सालीं वीस भिक्षुणींनीं ‘गेशेमा’ ही तिच्या तोडीची पदवी मिळविली. परदेशांत, आश्रित म्हणून राहत असतां या समाजानें आपल्या परंपरेचें एक दार उघडलें, ही गोष्ट आपल्याकडील सुशिक्षित घरांनीं ध्यानांत घ्यावी अशी आहे.

तरीहि या सणाच्या पोटांत दुःख आहेच. २००८ सालीं तिबेटांत अनेकांचे प्राण गेले, तेव्हां पुढील वर्षीं बहुतेकांनीं लोसार साजरा केला नाहीं; घरांत मृत्यु झाला असतां आपण दिवाळी करीत नाहीं, तसेंच तें. दुसरें दुःख निमूटपणें वाढत आहे. २००९ च्या गणनेंत भारतांत सुमारें ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतर पुष्कळ तरुण पाश्चात्य देशांत गेले, आणि वस्त्या विरळ होत आहेत. या घरची नातहि दोन महिन्यांनीं कॅनडास जावयाची होती. मोला त्याविषयीं बोलत नसत. रोज सकाळीं तिला हांक मारून वाट्या तिच्या हातून भरवून घेत, आणि जवाच्या दाण्याचें अंतर चुकलें तर पुन्हा मांडावयास लावीत.

शेवटच्या दिवशीं मातोश्रींनीं न राहवून मोडक्या हिंदींत विचारलें, “तिकडे ही कशी मांडील हें सगळें?” मोला म्हणाल्या, “पाणी सगळीकडे असतें.” एवढें बोलून त्या माळ ओढूं लागल्या, पण त्यांचे डोळे भरून आलेले आम्हीं पाहिले.

मातोश्री तडक बाजारांत गेल्या. सात लहान पितळी वाट्या घेऊन आल्या आणि त्या मुलीच्या हातीं ठेवल्या. “भांडें रिकामें देऊं नये,” असें म्हणून त्यांनीं प्रत्येकींत खडीसाखरेचा एकेक खडा घातला होता. मुलीनें तें तिबेटींत आजीला सांगितलें. मोला उठल्या, आणि घरांतील पांढरा रेशमी ‘खाता’ आणून त्यांनीं आमच्या मातोश्रींच्या गळ्यांत घातला.

ज्यांना धर्मशाळेपर्यंत जाणें शक्य नाहीं, त्यांनीं हेंहि लक्षांत ठेवावें कीं, आपल्याच गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवाजवळ १९७२ पासून नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. अशा ठिकाणीं कोणीं बोलाविलें तर अवश्य जावें. देवळाला उजवी घालावी, आजीबाईंजवळ थोडा वेळ बसावें, आणि चहा पुरे झाला असेल तर पेला भरलेलाच राहूं द्यावा.