विजेची बाराखडी – लेखांक ६ : मोटर नुसतीच हुंकारते तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण व्होल्ट आणि अँपिअर समजून घेतले. आज वीज आणि चुंबक यांचं नातं पाहू. त्यासाठी आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ-बेल्याकडच्या एका विहिरीवर जावं लागेल.

मी शाळेत होतो. सोयाबीन निघून हरभरा पेरला होता आणि तो फुलावर आला होता. काकांनी पहाटे स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. नेहमी मोटर गर्रकन फिरायची आणि पाइपाच्या तोंडाशी पाणी उसळायचं. त्या दिवशी मात्र तिने नुसताच ‘हूंऽऽ’ असा आवाज काढला. शेजारच्या रानातून तेलुगू शेतकऱ्याने हाक देऊन विचारलं, “करंट पोयिंदा?” (वीज गेली का?) काका म्हणाले, “लाइन आहे ना, बल्ब चालू आहे!” त्यांनी पुन्हा बटण दाबलं, तिसऱ्यांदाही दाबलं. मग जळक्या व्हार्निशचा वास आला आणि तो हुंकारही थांबला.

मोटर बैलगाडीत घालून आदिलाबादला वाइंडिंगच्या दुकानात नेली. कारागिराने झाकण काढलं. आत तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या गोल बसवलेल्या होत्या. त्यांतल्या काही कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या काही मात्र नव्यासारख्या तांबूस चमकत होत्या. त्याने बोटाने दाखवलं : “दोन फेजची वाइंडिंग जळाली, एक कोरी आहे. तुमच्या लाइनचा एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, गेला होता.” आमची विहीर त्याने पाहिली नव्हती, खांबही पाहिला नव्हता. मग त्याला हे कळलं कसं? त्याचं उत्तर दोन वाक्यांत मावतं. वीज वाहते तिथे चुंबकत्व असतं. आणि चुंबकत्व बदलतं तिथे वीज उपजते.

पहिलं वाक्य १८२० सालचं. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या प्राध्यापकाने तारेतून वीज सोडली, तेव्हा जवळच्या होकायंत्राची सुई हलली. वीज बंद केली की ती परत उत्तर-दक्षिण व्हायची. तोपर्यंत वीज वेगळी आणि चुंबक वेगळं, असंच लोक धरून चालले होते.

याचा एक मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चाललं होतं. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा विद्युतप्रवाह म्हणजे शहरभर पसरलेलं चुंबकत्व. त्या गोंगाटात पृथ्वीच्या चुंबकत्वाची बारीक कुजबुज ऐकू येणार कशी? म्हणून १९०४ साली समुद्रापलीकडे अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. ती आजही काम करते.

हे घरी करून पाहता येतं. वाइंडिंगच्या दुकानातून मुलामा दिलेली, दोन-तीन हात लांब अशी बारीक तांब्याची तार मागून आणा. दोन्ही टोकांचा मुलामा ब्लेडने खरवडा. लोखंडी खिळ्यावर तिचे चाळीस-पन्नास वेढे घट्ट गुंडाळा आणि टोकं टॉर्चच्या एका सेलला लावा. खिळा टाचण्या उचलेल. टोक काढलं की बहुतेक टाचण्या गळून पडतील. तार तापते, म्हणून दोन-चार सेकंदच धरा. आणि हा प्रयोग फक्त सेलवर करायचा; घरातल्या प्लगला ही तार कधीही लावू नका.

दुसरं वाक्य मायकेल फॅरडेचं. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये त्याने एका लोखंडी कड्यावर दोन बाजूंना दोन वेगळ्या गुंडाळ्या केल्या. एक बॅटरीला जोडली, दुसरी प्रवाह दाखवणाऱ्या सुईला. दोघींच्या तारा एकमेकींना टेकत नव्हत्या. बॅटरी जोडताच सुईने झटका दिला आणि ती परत जागेवर आली. बॅटरी तशीच जोडलेली ठेवली तर काहीच होईना. काढली की पुन्हा झटका, पण उलट्या बाजूने. म्हणजे चुंबकत्व नुसतं असून भागत नाही; ते वाढावं लागतं, घटावं लागतं, बदलावं लागतं.

फॅरडेचं ते कडं आज आपल्या शिवाराच्या कडेला उभं आहे. तो म्हणजे ट्रान्सफॉर्मर; त्यालाच आपण डीपी म्हणतो. त्यात एकही फिरणारा भाग नाही. ११ हजार व्होल्टची वीज एका गुंडाळीत येते, लोखंडात चुंबकत्व उठवते आणि ते चुंबकत्व दुसऱ्या गुंडाळीत चारशेच्या घरातल्या व्होल्टची वीज उपजवते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात लोखंड दोनदा ताणलं जातं, म्हणून सेकंदाला शंभर कंपनं होतात. डीपीजवळ ऐकू येणारी गुणगुण ती हीच.

आता मोटर. तिच्यात तीन फेजच्या गुंडाळ्या वर्तुळात समान अंतरावर बसवलेल्या असतात. तिन्ही फेज एकदम जोरात येत नाहीत. एकामागून एक येतात, प्रत्येकी सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या अंतराने. आधी पहिल्या गुंडाळीचं चुंबकत्व जोर धरतं, मग दुसरीचं, मग तिसरीचं. त्यामुळे गुंडाळ्या जागेवर राहूनही चुंबकत्व मात्र गोल फिरू लागतं. विहिरीवरच्या नेहमीच्या दोन ध्रुवांच्या मोटरीत मिनिटाला ३००० फेरे.

मधल्या फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, बाहेरून कुठलीच तार जोडलेली नसते. फिरतं चुंबकत्व त्याच्या ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दांड्यांवरून जातं, तिथे वीज उपजते. हा झाला फॅरडे. त्या विजेमुळे रोटर स्वतः चुंबक होतो. हा झाला ओर्स्टेड. आणि तो फिरत्या चुंबकत्वामागे धावू लागतो. मात्र तो ते कधीच गाठत नाही. गाठलं तर त्याच्यापुरता बदल संपला, बदल संपला की वीज संपली, आणि वीज संपली की जोरही संपला. म्हणून मोटरीच्या पाटीवर ३००० नाही, २८५० किंवा २९००च्या आसपासचा आकडा असतो. आणखी एक गोष्ट : तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली की चुंबकत्व उलट फिरतं. लाइनची दुरुस्ती झाल्यावर पाणी अचानक कमी आलं, तर आधी पंप उलटा फिरत नाही ना ते पाहावं.

आता काकांच्या मोटरीकडे वळू. एक फेज गेला होता. बल्बला एकच फेज लागतो, म्हणून तो चालू होता आणि त्यानेच आम्हाला फसवलं. उरलेल्या दोन फेजमधून चुंबकत्व उठत होतं, पण ते गोल फिरत नव्हतं. एकाच रेषेत पुढे-मागे हेलकावत होतं. थांबलेल्या रोटरला कुठल्या बाजूने जावं हेच कळत नव्हतं. तो हुंकार म्हणजे जागच्या जागी अडलेलं चुंबकत्व. अशा वेळी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते : पाचपट प्रवाह म्हणजे पंचवीसपट उष्णता. आमची मोटर स्टारमध्ये जोडलेली होती, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधलेलं होतं, म्हणून वीज असलेल्या दोन फेजच्या गुंडाळ्या जळाल्या आणि गेलेल्या फेजची कोरी राहिली. कारागिराने वाचलं ते हेच. चालू मोटरीचा फेज गेला तर ती थांबतेच असं नाही. ती धापा टाकत फिरत राहते आणि आतून भाजत जाते. तो धोका जास्त, कारण तो ऐकू येत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो. हुंकार ऐकला की त्याच क्षणी लाल बटण दाबा. हिरव्याला पुन्हा हात लावू नका. पॅनेलवरचे तिन्ही दिवे रोज पाहा. फेज गेल्यावर मोटर आपोआप बंद करणारं प्रिव्हेंटर नावाचं साधन ‘सारखं ट्रिप होतं’ म्हणून कुणी काढून टाकत असेल, तर त्याला थांबवा. माणूस रानात नसताना मोटर सुरू करणारा ऑटो स्टार्टर लावू नका. १ जानेवारी २०१८पासून तेलंगणात शेतीला २४ तास वीज सुरू झाली, तेव्हा तो काढण्याचं आवाहनही झालं होतं. आणि डीपीचा फ्यूज गेला तर लाइनमनची वाट पाहा. स्वतः त्यात हात घालू नका, फ्यूजमध्ये जाड तार अडकवू नका. मोटर पुन्हा भरून मिळते. माणूस मिळत नाही.

आमची मोटर भरून यायला आठवडा गेला आणि फुलावरच्या हरभऱ्याचं पाणी चुकलं. पहिल्या हुंकाराला काका थांबले असते, तर बिघाड फक्त खांबावर राहिला असता आणि तो लाइनमनने तासाभरात काढला असता.

पुढच्या आठवड्यात : अर्थिंग, म्हणजे विजेला जमिनीची वाट. तोवर खिळ्याचा प्रयोग करून पाहा आणि वेढे दुप्पट केल्यावर किती टाचण्या उचलल्या जातात, ते वहीत लिहून ठेवा.