व्हेलची ‘उलटी’, कृष्णेतले डॉल्फिन: सात गैरसमज

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही इथल्या पोलिसांच्या पंचनाम्यात व्हेलचा उल्लेख येतो. सुट्ट्या लागल्या की कुंभार्ली, आंबा किंवा गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलेली कुटुंबे मोबाइलमध्ये डॉल्फिन घेऊन परततात. या प्राण्यांविषयी आपल्याकडे कुतूहल खूप आहे, पण माहिती बरीचशी ऐकीव आहे. तिच्यातले सात समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १: अंबरग्रीस म्हणजे व्हेलची उलटी.

वस्तुस्थिती: अंबरग्रीस सगळ्या व्हेलमध्ये तयार होत नाही. ते प्रामुख्याने स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, आणि त्यांतही फार थोड्यांच्या. खोल समुद्रातले माकूळ हे या व्हेलचे मुख्य खाद्य. माकूळाची कठीण चोच पचत नाही. अशा चोची बहुतेक वेळा ओकून टाकल्या जातात. काही मात्र आतड्यात उतरतात आणि तिथे टोचत राहतात. त्यांच्याभोवती मेणासारखा स्राव साचून घट्ट गोळा होतो. तो विष्ठेवाटे किंवा व्हेल मेल्यानंतर बाहेर पडतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग तो वर्षानुवर्षे लाटांवर तरंगतो आणि ऊन-खाऱ्या पाण्यात मुरतो. अत्तराचा सुगंध टिकवण्यासाठी त्याला पूर्वीपासून मागणी होती. आज क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीतल्या घटकापासून अँब्रॉक्साइड हा पर्याय तयार करतात आणि सुगंध उद्योगाचे बरेचसे काम त्यावर भागते.

गैरसमज २: किनाऱ्यावर सापडलेली वस्तू विकली तर गुन्हा कसला? व्हेलला तर कोणी मारले नाही.

वस्तुस्थिती: काही देशांत किनाऱ्यावर सापडलेले अंबरग्रीस विकता येते. त्यावरून हा समज पसरला असावा. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली ते बाळगणे आणि विकणे हा गुन्हा धरला जातो. या कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. व्हेल आणि डॉल्फिन आता पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे. २०२३ च्या सुरुवातीला सांगलीत पोलिसांनी कोट्यवधी रुपये किमतीचे म्हणून अंबरग्रीस जप्त केले होते. बातमीतला हा कोटींचा आकडा वाचूनच नवे गिऱ्हाईक मोहात पडते. पण ज्या वस्तूला देशात कायदेशीर बाजारच नाही, तिचा भाव कागदावरचा असतो. त्यात मेणाचे गोळे अंबरग्रीस म्हणून खपवणारेही आहेत. खरा गोळा घेणारा तुरुंगाच्या वाटेवर असतो आणि खोटा घेणारा फसलेला असतो.

गैरसमज ३: गंगेत डॉल्फिन आहेत, तर कृष्णेतही असतील.

वस्तुस्थिती: नाहीत. गंगेतला डॉल्फिन गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातच राहतो. त्याला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून मान मिळाला. नद्यांमधल्या डॉल्फिनच्या देशव्यापी गणनेचा अहवाल मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ६,३२७ डॉल्फिन नोंदले गेले. त्यांपैकी फक्त तीन सिंधू खोऱ्यातले, पंजाबच्या बियास नदीतले आहेत. कृष्णेचे रहिवासी वेगळे आहेत. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगर दिसते, कुठे कुठे पाणमांजर दिसते. या दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा नदीत डॉल्फिनची पाठ दिसल्याचा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवण्याआधी तो कुठल्या नदीचा आहे हे विचारावे.

गैरसमज ४: डॉल्फिन पाण्यातच राहतो, मग जाळ्यात अडकला तरी त्याला काय होणार?

वस्तुस्थिती: डॉल्फिन आणि व्हेल सस्तन प्राणी आहेत. त्यांना कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. श्वासासाठी त्यांना पुन्हा पुन्हा वर यावेच लागते. तळाकडे सोडलेल्या जाळ्यात डॉल्फिन अडकला, तर काही मिनिटांत गुदमरतो. कोकण किनाऱ्याजवळ नेहमी दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी मासे शोधतो. मच्छीमारांची जाळीही तिथेच असतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ आहे. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांत काही वर्षांचे अंतर असते. त्यामुळे जाळ्यात मेलेल्या एका मादीची भरपाई व्हायला फार काळ लागतो.

गैरसमज ५: मच्छीमार हेच डॉल्फिनचे शत्रू.

वस्तुस्थिती: अडकलेला डॉल्फिन सोडायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे हे मच्छीमाराचे भांडवल आहे. ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस एक योजना आणली. संरक्षित प्राणी जिवंत सोडताना जाळे फाटले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष ती राबवतो. डॉल्फिन, समुद्री कासव आणि बहिरी (व्हेल शार्क) असे अनेक प्राणी तिच्यामुळे परत समुद्रात गेले आहेत. मच्छीमाराला सोबत घेतल्याशिवाय या प्राण्यांचे संवर्धन होणार नाही, हे त्या योजनेने मान्य केले आहे.

गैरसमज ६: डॉल्फिन होडीजवळ येतो, म्हणजे त्याला पर्यटक आवडतात.

वस्तुस्थिती: मुरूड-कर्दे, तारकर्ली, देवबाग, निवती इथल्या डॉल्फिन सफरींत बहुधा होडीच डॉल्फिनकडे जाते. डॉल्फिन आवाजावर जगतो. भक्ष्य शोधणे आणि पिल्लाशी संपर्क ठेवणे या दोन्हींसाठी तो आवाज वापरतो. चार होड्यांनी इंजिने घरघरवत घेरले की त्याचे खाणे थांबते आणि पिल्लू आईपासून दुरावू शकते. आपण सांगलीहून कित्येक तासांचा प्रवास करून गेलेले असतो, त्यामुळे “अजून जवळ घ्या” असा आग्रह होतो. होडीवाला गिऱ्हाईक राखायला तो मानतो. त्याऐवजी निदान ५० मीटर अंतर राखा, पाठलाग नको, इंजिन मंद ठेवा, असे आपणच सांगितले तर त्यालाही ते सोपे जाते. डॉल्फिन पाळून खेळ दाखवण्याचा विचार तर करूच नये. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले. २०१३ मध्ये केंद्राने देशात अशी डॉल्फिनगृहे उभारायला मनाई केली.

गैरसमज ७: आम्ही घाटावरचे. समुद्राशी आमचा काय संबंध?

वस्तुस्थिती: सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कोयनेचे तर पाणीच आपण वळवले आहे. नैसर्गिक वाटेने ती कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पण कोयना जलविद्युत प्रकल्पाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडते, कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते. म्हणजे सातारा जिल्ह्यात अडवलेल्या पाण्याचा मोठा वाटा कोकणच्या खाडीतून समुद्रात जातो. खाडीत किती गोडे पाणी येते, त्याबरोबर कोणता कचरा येतो, यावर तिथले मासे अवलंबून असतात. त्या माशांवर डॉल्फिन जगतात. महाबळेश्वरच्या ओढ्यात टाकलेली पाण्याची रिकामी बाटली पावसाळ्यात बाणकोटपर्यंत जाऊ शकते.

आता एक व्यवहाराची गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचे पिल्लू अडकले. वन विभाग, स्थानिक लोक आणि तज्ज्ञांनी खटपट करून त्याला समुद्रात नेले, पण ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि मेले. त्या वेळी बघ्यांची गर्दी मोठी होती. असा प्राणी दिसला तर शेपटीला धरून ओढू नका. डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. अंगावर ओले कापड टाका, सावली करा, लोकांना दूर ठेवा. सेल्फी नको. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. हाच क्रमांक कोणी ‘उलटी’ विकायला आले तरी उपयोगी पडतो. साताऱ्यात असा किंवा सांगलीत, तो मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवा.